एका बशीवर दोन हात

कॅल्डर्सबर्ग, नॉर्थ कॅरोलायना
मंगळवार

प्रिय मिसेस पेटिफोर्ड,

तुमच्या नावाआधी ‘मिसेस’ लिहिण्याची ही माझी पहिली खेप, आणि तीही वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. टॉलिव्हरच्या दुकानात तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, लग्न झालेल्या, पदरात पोर असलेल्या. तरी मी तुम्हाला ‘ए ओडेसा’ अशी हाक मारायची आणि तुम्ही मला ‘अहो मिस इमोजीन’ म्हणायचं, असा रिवाज होता. रिवाज! स्वतःच्या उद्धटपणाला आम्हा गोऱ्यांना किती गोंडस नावं सुचतात बघा. तर मी तीच, टॉलिव्हरच्या खाण्याच्या काउंटरवरची इमोजीन स्ट्राउड. लाल केस, पुढे आलेले दात. केस पिकले, दात केव्हाच गेले, जीभ तेवढी जागेवर आहे.

गेल्या महिन्यात बाल्टिमोरला तुमच्याकडे एक जाडजूड, सोनेरी कडेचं आमंत्रण आलं असेल. ते धाडणाऱ्या मुलीकडूनच मी तुमचा पत्ता काढला, नाताळचं कार्ड पाठवायचंय अशी थाप मारून. तुम्ही उत्तर दिलं नाहीत म्हणे. उत्तम केलंत. पण त्यात सगळं लिहिलेलं नाही, म्हणून मी सांगते. येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता जुन्या टॉलिव्हर इमारतीत नवी खानावळ उघडणार आहे. बाजूच्या भिंतीवर वीस फुटी चित्र काढलंय, त्याच्यावरचा पडदा सरकणार आहे. चित्रात कोण? तुम्ही आणि मी. बशी आपल्या दोघींच्या मध्ये, तुमचा हात बशीला, माझाही हात बशीला. खाली पितळी पाटी: ‘एप्रिल १९६०. इथे इमोजीन स्ट्राउड हिने ओडेसा पेटिफोर्ड हिला पाई वाढली, आणि कॅल्डर्सबर्ग बदललं.’ वाचलंत? आता घोटभर पाणी प्या. फोटोवाल्यांसाठी मी सगळ्या गावासमोर तुमच्यापुढे तशीच बशी पुन्हा ठेवायची आहे. तुम्ही आला नाहीत तर तुमच्या जागी हायस्कुलातली एक मुलगी बसवणार आहेत. तिला तुमच्यासारखा अंबाडा घालायला सांगितलाय. त्या बशीचं खरं काय झालं ते जगात दोघींनाच ठाऊक आहे, आणि शनिवारी मी ते गिळून हसायचं की बोलायचं, एवढाच प्रश्न माझ्यापुढे उरलाय.

तुम्ही गेलात त्यानंतर त्या इमारतीने काय काय सोंगं घेतली ते तुम्हाला कुठून कळणार? चौऱ्याहत्तर साली टॉलिव्हरवाल्यांनी दुकान गुंडाळलं. गावाबाहेर गाड्या लावायला मैदान असलेलं मोठं दुकान झालं होतं, मग कोण येतंय मेन स्ट्रीटवर दहा सेंटची बटणं घ्यायला. दर्शनी लाल पट्टीवरची सोनेरी अक्षरं काढली, तर खाली त्यांचे पांढरे डाग उरले, आणि पुढची वीस वर्षं त्या डागांवरून नाव वाचता यायचं. आधी तिथे गालिचेवाला आला. त्याने आपल्या त्या तेलपाणी केलेल्या लाकडी जमिनीवर हिरवं फरशीकापड चिकटवलं. मग एक धर्मोपदेशक आला, विकायच्या पोपटांचे पिंजरे होते त्या कोपऱ्यात त्याने वेदी मांडली आणि रविवारी अशा आरोळ्या ठोकायचा की पोपट बरे म्हणायची वेळ आली. तो एका वादकाच्या बायकोला घेऊन टेनेसीला पळाला. त्यानंतर जुन्या वस्तूंचे गाळे. तिथे, मिसेस पेटिफोर्ड, मी या डोळ्यांनी पाहिलं, टॉलिव्हरमध्ये दहा सेंटला विकलेली काचेची कोंबडी काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवली होती आणि बायका तिच्यापुढे ‘अगंबाई, किती गोड’ करत उभ्या होत्या. त्याच बायकांनी ती कोंबडी तीस वर्षांपूर्वी कचऱ्यात टाकली होती. मग तेही बंद झालं आणि कबुतरं राहायला आली. त्या इमारतीचा सगळ्यात प्रामाणिक उपयोग केला तो कबुतरांनीच.

आता शार्लटहून दोन दाढीवाले आलेत. वरच्या मजल्यांवर फ्लॅट काढलेत, विटा उघड्या ठेवून. आमच्या लहानपणी विटा उघड्या राहिल्या की घर गरिबाचं म्हणायचे, आता त्याचंच जादा भाडं घेतात. खाली खानावळ, नाव काय ठेवलंय? ‘डाइम’, म्हणजे दहा सेंटचं नाणं. आत कॉफी सहा डॉलरला. छताचे नक्षीदार पत्रे घासून काढलेत, जमिनीवरचं हिरवं कापड खरवडलंय, आणि इंटरनेटवरून ओहायोच्या कुठल्याशा दुकानातली बारा लाल स्टुलं मागवून ‘अस्सल’ म्हणून बसवली आहेत. ती बसवताना सुताराला जमिनीत लोखंडाची बारा खुंटं सापडली. त्याने मला विचारलं, ‘आजी, हे काय हो? पाइप होते का इथे?’ मी म्हटलं, ‘बाबा रे, ती आमच्या गावाची अब्रू आहे, कापून टाक.’ तो बिचारा हसला. त्याला वाटलं म्हातारी गमतीशीर आहे.

या सगळ्याची सूत्रधार आहे मॅकेन्झी, गावाच्या मध्यवस्ती समितीची मुख्य. वय एकतीस, दात पांढरेशुभ्र, प्रत्येक वाक्याला मान वाकडी करते. मुलगी वाईट नाही, आणि तोच वांधा आहे, कारण वाईट माणसाला शिव्या तरी घालता येतात. आपल्या गावच्या साप्ताहिकाचं ऑफिस विकलं गेलं तेव्हा तिला खोक्यात तो फोटो मिळाला. मागे पेन्सिलीने तारीख आणि आपली दोघींची नावं, बाकी काही नाही. ती धावत माझ्या वृद्धाश्रमात आली. ‘मिस इमोजीन, तुम्ही हे कधी बोलला कशा नाहीत! तुम्ही दोघी किती जिवलग मैत्रिणी असाल ना!’ मैत्रिणी! तुमच्या मुलाचं नाव मला परवा कळलं, तेही तिच्या यादीवरून. लिओनार्ड. दोन वर्षं आपण भिंतीतल्या एका खिडकीच्या दोन बाजूंना काम केलं. तुम्ही आतून बशा सरकवायच्या, मी बाहेर उचलायच्या. पहाटे येऊन तुम्ही बारा-बारा पाई भाजायचात, आणि वकील, डॉक्टर, पाद्री, सगळे ती चाटूनपुसून खायचे. तुमचे हात पिठात चालायचे, अंड्यांत चालायचे, सायीत चालायचे. बाकीचा देह मात्र काउंटरच्या या बाजूला बसलेला चालत नव्हता. तुमचं जेवण मागच्या कोठारात, दिव्यांच्या टोप्यांच्या ढिगाऱ्यात, खोक्यावर बसून. मी तिथे सुतळी आणायला यायची तेव्हा तुम्ही उठून उभ्या राहायचात, तोंडात घास असताना. मी कधी ‘बसा’ म्हटलं नाही. सुचलंच नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. सुचलं होतं.

त्या शनिवारचं तुम्हाला मी काय सांगणार, पण लिहिलं पाहिजे. गोऱ्यांच्या काउंटरवर जाऊन बसणाऱ्या ग्रीन्सबरोच्या काळ्या पोरांचं रेडिओवर रोज चाललं होतं. आमच्या घरी माझे वडील रेडिओ बंद करायचे. दुपारची गर्दी ओसरली, ईस्टरच्या टोप्यांची स्पर्धा टिपायला साप्ताहिकाचा फोटोवाला येऊन बसला होता. तुम्ही एप्रन सोडलात, त्याची घडी केलीत, भटारखान्याच्या दारातून बाहेर आलात, अख्ख्या काउंटरला वळसा घातलात आणि तिसऱ्या स्टुलावर बसलात. हातात तुमची बशी, तिच्यात सकाळी तुम्हीच भाजलेल्या नारळाच्या पाईचा तुकडा. वर माझ्याकडे पाहून म्हणालात, ‘मिस इमोजीन, एक काटा मिळेल का?’ पाई मागितली नाहीत, कॉफी मागितली नाहीत. काटा. तो माझ्या कोपराजवळच्या डब्यात होता, असे चाळीस. मी वर पाहिलं. वरच्या माळ्यावर मॅनेजर लॉफ्टिस साहेबांच्या ऑफिसची ती मोठी काच, जिच्यातून ते आम्हा मुलींवर नजर ठेवायचे. त्यांनी मान हलवली, आणि मी तुमची बशी धरून ओढली. तुम्ही सोडली नाहीत. मी आणखी जोर लावला. तेवढ्यात फोटोवाल्याचा दिवा चमकला. मग तुम्ही सोडलीत, आणि मी तो तुकडा तुमच्यादेखत कचऱ्याच्या डब्यात खरवडला, सुरीने, बशी स्वच्छ होईपर्यंत. याला गाव ‘वाढणं’ म्हणतंय.

तुम्हाला त्याच दुपारी काढून टाकलं. त्यामुळे पुढचा तमाशा तुमचा चुकला, आणि तो चुकायला नको होता, खरंच सांगते. लॉफ्टिस साहेबांना भीती पडली, आज एक बसली, सोमवारी पन्नास येऊन बसतील. मग त्यांनी अशी अक्कल लढवली की ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारावा. रविवारी चर्चची घंटा वाजत असताना दुकानात माणूस बोलावून बाराच्या बारा स्टुलं मुळापासून कापून टाकली. सोमवारी पाटी: ‘सर्वांचं उभ्याने स्वागत’. झालं! बसायलाच काही नाही, तर कुणाशेजारी कोण बसलं हा सवालच मिटला. काळा माणूस शेजारी उभा राहिला तर गोऱ्याला काही होत नव्हतं, बसला की बाटत होता. आणि आमची ही थोर मंडळी अकरा वर्षं, मिसेस पेटिफोर्ड, अकरा वर्षं उभ्याने जेवली, काउंटर बंद होईपर्यंत! न्यायाधीश काठीवर एक हात टेकून, दुसऱ्या हाताने सूप पीत. गरोदर बायका पाय बदलत, घाम पुसत. त्या खुंटांना अडकून सगळ्यांचे मोजे फाटायचे, पण एकानेही तोंड उघडून म्हटलं नाही की अहो, हा मूर्खपणा आहे, स्टुलं आणा. माझा रॉइस, पुढे माझा नवरा झाला तो, लग्नाआधी मला पाहायला तिथे येऊन उभ्याने मटणाचा रस्सा खायचा आणि सगळा टायवर सांडायचा. मी म्हणायची, ‘अरे, घरी जाऊन बसून खा की.’ तो म्हणायचा, ‘इमी, तत्त्वाचा प्रश्न आहे.’ डोंबलाचं तत्त्व. त्या टायचे डाग मीच नंतर तीस वर्षं धुतले. देव त्याला सुखी ठेवो, पण माणूस बावळट होता, आणि मी त्याच्याशी लग्न केलं म्हणजे मी कोण ते तुम्हीच ठरवा.

आता त्याच गावाला वाटतंय की आपण एक दिवस एक बशी पुढे केली आणि सगळं सुरळीत झालं. साठीच्या आतल्यांना माहीत नाही, साठीच्या वरचे तोंड मिटून बसलेत. परवाच्या समितीच्या बैठकीत बँकेचे चेअरमन, ज्यांचे वडील माझ्यासमोर उभ्याने भुईमुगाची पाई हादडायचे, डोळे पुसत होते! म्हणाले, आमच्या गावाचं काळीज नेहमीच मोठं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या काळजाचा मोठेपणा मी मोज्यांच्या फाटण्यावरून ओळखते.

मी त्या बैठकीत उभी राहून सांगितलं. खोटं बोलत नाही, सांगितलं. म्हटलं, मी बशी दिली नव्हती, हिसकावली होती. तुमच्या त्या फोटोत जे दिसतंय ते ओढाओढीत टिपलंय. लॉफ्टिसने वरून मान हलवली आणि मी ओढली. मग मॅकेन्झी माझ्याजवळ येऊन गुडघ्यावर बसली, माझा हात हातात घेतला. ‘मिस इमोजीन, एवढ्या जुन्या आठवणी मनात उलट्यापालट्या होतात. फोटोत बघा ना, तुम्ही किती मायेने बघताय त्यांच्याकडे.’ मी म्हटलं, ‘अगं बाई, ती माया नाही, मी दात आवळलेत.’ लोक हसले! टाळ्या वाजल्या! मग चेअरमन म्हणाले, ‘आणि समजा तसं झालंही असेल, तर दोष त्या मॅनेजरचा. तुम्ही एकोणीस वर्षांची पोर, नोकरी जाईल या धाकात. किती सोसलंत तुम्ही!’ बघा, दोन मिनिटांत माझी अडचण सोडवून टाकली. पाटीवरचं एक अक्षर बदललं नाही, उलट मॅकेन्झीने वहीत लिहून घेतलं की मिस इमोजीन फार विनम्र आहेत. शनिवारी घरी बसले तरी लोक म्हणतील, केवढा विनय. मी त्या रात्री जेवले नाही. पण तळमळत पडल्यावर मला कळलं की त्यांनी मला एवढ्या चटकन माफ का केलं. मीच त्यांना लॉफ्टिस आयता हातात दिला होता. माझ्या नवऱ्याला मी दिला, पाद्र्याला दिला, मुलांना दिला, तसाच त्यांना दिला. आणि या पत्रात थोडं वर तुम्हालाही दिला, सवयीने. खोडायचं होतं, पण ठेवलंय, म्हणजे मी किती सहज खोटं बोलते ते तुम्हाला दिसेल.

तर हे पत्र लिहिण्याचं कारण. तुमची पाठ त्या काचेकडे होती, म्हणून तुम्ही पाहिलं नाहीत, आणि गेली त्रेसष्ट वर्षं तुम्हालाही कदाचित वाटत असेल की त्या मुलीला वरून हुकूम आला होता, बिचारी काय करणार. मिसेस पेटिफोर्ड, काचेमागे कुणीच नव्हतं. लॉफ्टिस साहेब दर शनिवारी त्या वेळेला न्हाव्याकडे जायचे, आणि ते मला माहीत होतं. मी वर पाहिलं ते परवानगी मागायला नाही, वरून कुणी पाहत नाहीये ना ते बघायला. वरून कुणी पाहत नव्हतं. काटा दिला असता तर साहेबांना कळलंही नसतं, तुम्ही चार घास खाऊन उठला असतात. मी माझ्या मनाने ओढली. तुम्ही माझ्या काउंटरवर बसलात याचा मला राग आला होता, बस, एवढंच. मग ते परत आल्यावर मी स्वतः जिना चढून वर गेले आणि तुमचं नाव सांगितलं, आणि त्यांनी मला शाबासकी देऊन पुढच्याच आठवड्यात मिठाईच्या काउंटरवर नेमलं. शनिवारी मी जाणार आहे, बशी हातात घेणार आहे, आणि हे एवढंच माइकवर बोलणार आहे. ते माइक बंद करतील आणि म्हणतील म्हातारीला भ्रम झाला. म्हणून हे माझ्या हातचं, माझ्या सहीचं, आधी तुमच्याकडे. वर्तमानपत्राला द्या, लिओनार्डला वाचून दाखवा, चुलीत घाला. उत्तर पाठवू नका, आणि येऊही नका. मला कुणीही सांगितलं नव्हतं.

तुमची कुणीच नसलेली,
इमोजीन स्ट्राउड